तारास शेवचेन्को कसा वाचायचा: जोडी लावून

युक्रेनचा कवी-चित्रकार तारास शेवचेन्को मी पहिल्यांदा पाहिला तो शंभर ह्रिव्न्यांच्या, म्हणजे तिकडच्या चलनाच्या, नोटेवर. २००६ साली सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यातून उठून मी युक्रेनमधल्या खार्किवला डॉक्टरकी शिकायला गेले होते. पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलच्या दारावर बसणाऱ्या आजींना ती नोट दाखवून विचारलं, हे तुमचे राष्ट्रपती का? आजी पोल्ताव्हाकडच्या एका खेड्यातल्या. खार्किवमध्ये तेव्हा रस्त्यावर, दुकानात, वॉर्डात सगळीकडे रशियन चालायची, आम्हालाही वर्गात रशियनच शिकवत. आजी मात्र युक्रेनीच बोलायच्या. त्यांनी नोट हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "नाश तारास." आमचा तारास. आडनाव नाही की पदवी नाही. आपण तुकोबा म्हणतो ना, तसंच.

पुढची सहा वर्षं मी त्यांना बाबूस्या म्हणत होते, म्हणजे आजी, आणि त्या मला दोच्को म्हणत, म्हणजे पोरी. शेवचेन्को वाचायला मला त्यांनीच शिकवला, दारावरच्या त्या टेबलाशी, रात्रपाळीत. २०२२ च्या रशियन हल्ल्यानंतर ओळखीपाळखीचे लोक मला विचारू लागले, युक्रेनबद्दल एखादं काहीतरी वाचायचं तर काय वाचू? मी शेवचेन्कोचं नाव सांगते, आणि कसा वाचायचा तेही सांगते. कारण चुकीच्या दारानं आत शिरलं की हा कवी हातातून निसटतो. माझ्या हातून तो एकदा निसटला होता.

मी काय केलं होतं, तर त्याच्या समग्र कवितेचं एक जाडजूड जुनं इंग्रजी भाषांतर आणलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. भाषांतरकारानं यमकं जुळवायच्या नादात प्रत्येक शेतकरणीच्या तोंडी राजदरबारी भाषा घातलेली. चाळीसेक पानांत मी कंटाळले. बाबूस्यांनी ते पुस्तक चाळलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या की तारास असा ओळीनं वाचत नाहीत, त्याची एक कविता वाचली की तिची जोडीदारीण शोधायची. गोड कविता वाचलीस तर तिची कडू बहीण कुठेतरी आहे. कविता वाचलीस तर तिचं चित्रही बहुतेक त्यानंच काढलंय. ही एकच युक्ती मला सांगायची आहे, बाकी सगळा तिचाच तपशील.

आधी थोडा कान तयार करा

युक्रेनी लिपी शिकायला एक आठवडा पुरतो. अर्थ नाही कळला तरी चालेल, उच्चार आला पाहिजे, कारण या कविता गायच्या आणि म्हणायच्या आहेत. मराठी माणसाला यात जन्मजात फायदा आहे, तो बहुतेकांना माहीत नसतो. युक्रेनी भाषेत रशियनमधल्या 'ग'च्या जागी घशातून येणारा घोष 'ह' असतो. रशियन 'ग्रिगोरी', युक्रेनी 'ह्रिहोरी'. इंग्रज, जर्मन लोकांना तो ह जमवायला मेहनत पडते. आपल्या 'हात'मधला, 'वहाण'मधला ह नेमका तोच आहे. दुसरं, आपल्याकडे दोन च आहेत: चहाचा च आणि चुलीचा च. युक्रेनीतही ते दोन्ही आहेत, फक्त त्यांना वेगवेगळी अक्षरं आहेत. हिंदी भाषक मित्र चुलीच्या च-ला अडखळायचे, मी पहिल्या दिवशी म्हणून दाखवला तर बाबूस्यांनी टेबलावर हात आपटला.

एकच स्वर आपल्याला छळतो. तो आपल्या इ आणि ए यांच्या मधे कुठेतरी बसतो. त्याच्याबद्दल शेवटी सांगते.

आयुष्याचा सांगाडा बोटांवर

चरित्र सविस्तर नंतर वाचा. आधी चार आकडे पाठ करा: २४, ९, १०, ४.

२४ वर्षं तो भूदास होता. ९ मार्च १८१४ ला कीइवच्या दक्षिणेकडच्या मोरिन्त्सी गावात जन्मला, शेजारच्या किरिलिव्कात वाढला. भूदास म्हणजे काय, हे नीट डोक्यात बसवा: जमीनदाराच्या मालकीचं माणूस. विकता येतं, बक्षीस देता येतं, फटके मारता येतात. नवव्या वर्षी आई गेली, अकराव्या वर्षी बाप. पोरगा चित्रं काढायचा, म्हणून मालक पावेल एंगेलहार्टनं त्याला आधी हुजऱ्या केलं, विल्नियसला आणि मग पीटर्सबर्गला नेलं, तिथे शिर्यायेव नावाच्या रंगारी कंत्राटदाराकडे कामाला ठेवलं. उत्तरेकडच्या उन्हाळ्यातल्या उजेडी रात्रींत तो तिथल्या बागेतल्या पुतळ्यांची रेखाटनं काढायचा. तिथे त्याला इवान सोशेन्को हा त्याच्याच मुलखातला चित्रकार भेटला. सोशेन्कोकडून गोष्ट कार्ल ब्र्युलॉवपर्यंत गेली. ब्र्युलॉव हा त्या काळचा सर्वांत गाजलेला चित्रकार. त्यानं कवी झुकोव्स्कीचं व्यक्तिचित्र काढलं, ते सोडतीत ठेवलं, त्यातून २५०० रूबल उभे राहिले आणि तेवढ्याला १८३८ च्या वसंतात तारास विकत घेऊन मोकळा केला. तो लगेच कला अकादमीत ब्र्युलॉवचा विद्यार्थी झाला.

पुढची ९ वर्षं तो मोकळा. १८४० मध्ये 'कोब्झार' हे आठ कवितांचं छोटंसं पुस्तक आलं. त्यानंतर १० वर्षं शिक्षा म्हणून साधा शिपाई, आजच्या कझाकस्तानातल्या किल्ल्यांमध्ये. मग सुटका, आणि शेवटची जेमतेम ४ वर्षं पोलिसांच्या नजरेखाली. १० मार्च १८६१ ला पीटर्सबर्गमध्ये गेला, वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. भूदासपद्धती रद्द करणाऱ्या जाहीरनाम्यावर झारची सही होऊन आठवडा उलटला होता, पण तो लोकांसमोर वाचला गेला नव्हता. एकूण सत्तेचाळीस वर्षं.

तारखांचा एक घोळ: जुन्या पुस्तकांत जन्म २५ फेब्रुवारी दिसेल. रशियात तेव्हा जुनी कालगणना होती, ती बारा दिवस मागे असे. दोन्ही बरोबर आहेत.

'कोब्झार' शब्दाचेही तीन अर्थ आहेत, म्हणून गोंधळ होतो. कोब्झा हे तंतुवाद्य वाजवून गाणारा, बहुधा आंधळा, हाताशी एक पोरगं धरून गावोगाव फिरणारा गायक, तो कोब्झार. १८४० च्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर असाच एक आंधळा आणि त्याचा वाटाड्या पोरगा आहे, श्टेर्नबर्ग या मित्रानं काढलेला. मग ते पुस्तक म्हणजे कोब्झार. पुढे त्याच्या सगळ्या कवितांच्या संग्रहाला लोक कोब्झारच म्हणू लागले आणि खुद्द त्यालाही. आपल्या शाहिराशी नातं जोडायचा मोह होतो. गाण्यातून इतिहास जिवंत ठेवण्यापुरतं ते खरंही आहे. पण शाहिराचा डफ फडात कडाडतो, कोब्झार जत्रेच्या कडेला मातीत बसून गातो. आवाज त्या उंचीवर ठेवून वाचा.

पहिली जोडी: चेरीची बाग आणि ती झोपडी

सुरुवात इथूनच करा. कविता बारा-पंधरा ओळींची आहे, तिला नाव नाही, पहिल्या ओळीनंच ओळखतात: 'सादोक विश्नेविय कोलो खाती', घराशेजारी चेरीची बागडी. दुसरी ओळ अशी, 'ख्रुश्ची नाद विश्न्यामी हुदुत', चेरीवर ख्रुश्ची घुमतायत.

हे ख्रुश्ची काय? शब्दकोशात मे महिन्यातला भुंगेरा असं सापडलं आणि मी थबकलेच. आमच्या उसाच्या पट्ट्यात हुमणी कुणाला सांगावी लागत नाही. वळवाचा पहिला पाऊस पडला की दिवेलागणीला कडुनिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे उठतात, झाडाखाली उभं राहिलं की घूं घूं ऐकू येतं. त्यांची अळी म्हणजे आपली हुमणी, मुळं खाऊन उसाचे फडच्या फड बसवणारी. शेवचेन्कोचा ख्रुश्च आपल्या हुमणीच्या भुंगेऱ्याचा सख्खा भाऊबंद आहे. बाबूस्यांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडेही तो मुळं खातो. म्हणजे तारासनं नाजूक शहरी फुलपाखरू घेतलेलं नाही. शेतकऱ्याचा वैरी घेतलाय आणि त्याच्या आवाजात संध्याकाळ आणली आहे. मराठीत ही ओळ सांगताना 'भ्रमर गुंजारव' वगैरे आणलंत तर कविता तिथेच मेली. भुंगेरेच म्हणा.

पुढे काय आहे? नांगरकरी नांगर घेऊन परततायत. पोरी गात येतायत. आया जेवणासाठी वाट बघतायत. घरासमोर सगळे जेवायला बसलेत, मुलगी वाढतेय, चांदणी उगवलीय, आईला तिला काही चार गोष्टी सांगायच्यात पण नाइटिंगेल पक्षी बोलू देत नाही. पोरांना निजवता निजवता आईचाही डोळा लागतो. सगळं शांत होतं, फक्त पोरी आणि तो पक्षी शांत होत नाहीत. बस्स. कुठे दुःख नाही, झार नाही, अन्याय नाही.

आता ही कुठे लिहिली ते बघा. मे १८४७, पीटर्सबर्ग, राजकीय पोलिसांची कोठडी. संत सिरिल आणि मेथोडियस यांच्या नावानं चालणाऱ्या एका गुप्त मंडळाच्या प्रकरणात त्याला एप्रिलमध्ये कीइवजवळ द्नीप्रो नदी ओलांडताना पकडलं होतं. भूदासांची मुक्ती आणि स्लाव लोकांचा समान हक्कांचा संघ हे त्या मंडळाचं स्वप्न. झडतीत हस्तलिखित कविता सापडल्या होत्या, त्यात झार-झारिणीची टर उडवणारी 'स्वप्न' ही दीर्घकविताही. शिक्षा काय होणार ठाऊक नाही, आणि हा माणूस कोठडीत बसून घराशेजारची बाग लिहितोय.

इथे थांबलात तर चुकाल. मीही थांबले होते, आणि वहीत लिहिलं होतं 'बालपणीच्या सुखाची आठवण'. बाबूस्यांनी ते खोडायला लावलं आणि दुसरी कविता काढून दिली, १८५० ची, 'याक्बी वी झ्नाली, पानिची', तुम्हाला जर कळलं असतं, साहेबपोरांनो. यात तो म्हणतो की झाडीतल्या त्या झोपडीला मी स्वर्ग म्हणत नाही. तिथे माझ्या चांगल्या आईला, अजून तरुण असताना, गरिबीनं आणि कष्टानं थडग्यात घातलं. बाप पोरांबरोबर रडला आणि तोही गेला. आम्ही भावंडं उंदराच्या पिल्लांसारखी माणसांत पांगलो.

आता पहिली कविता परत वाचा. जेवायला वाट बघणारी आई बघा. ती नऊ वर्षांच्या पोराला पुरली नव्हती. मालकाच्या शेतावर राबून येणाऱ्या बाईला अंगणात निवांत वाढपाची वाट बघायची फुरसत नव्हती. जे होतं त्याची आठवण ही नव्हेच. जे असायला हवं होतं ते कोठडीतल्या माणसानं एकेक ओळ करून मांडलंय, भुंगेऱ्यासकट. मला हे कळलं त्या रात्री मी सांगलीला आईला फोन लावला, काही कारण नसताना.

दुसरी जोडी: कातेरीना, शब्दांत आणि तेलरंगात

'कातेरीना' पहिल्या कोब्झारमधली. एक खेड्यातली मुलगी एका रशियन सैनिकाच्या प्रेमात पडते, तो सोडून जातो, आईबाप तिला घराबाहेर काढतात, ती बर्फातून बाळ घेऊन त्याला शोधत जाते. तो सापडतो आणि ओळखही दाखवत नाही. ती तळ्यात जीव देते. बाळ वाढतं आणि एका आंधळ्या कोब्झारचं वाटाड्या पोर होतं. सुरुवातीची ओळ सगळ्या युक्रेनला पाठ आहे: काळ्या भुवयांच्या पोरींनो, प्रेम करा, पण 'मोस्काल'वर नको. या शब्दाशी जरा थांबा. मोस्काल म्हणजे रशियन माणूस, पण त्या काळी खेड्यात त्याचा रोजचा अर्थ झारच्या फौजेतला शिपाई. दोन्ही अर्थ एकदम ऐकू आले पाहिजेत.

१८४२ मध्ये त्यानं याच कातेरीनाचं तैलचित्र काढलं, ते कीइवच्या शेवचेन्को संग्रहालयात आहे. पडद्यावर मोठं करून बघा. अनवाणी मुलगी, मान खाली, लाल एप्रनखाली वाढलेलं पोट. मागे घोड्यावरून सैनिक निघालाय आणि मान वळवून मागे बघतोय. एक कुत्रा त्याच्यावर भुंकतोय. उजवीकडे एक म्हातारा लाकडी चमचे कोरत बसलाय. कवितेत जो सगळा गाव बोलतो, टोमणे मारतो, तो चित्रात नाही. चित्रात फक्त हा म्हातारा आहे, हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघणारा. कवितेत मुलीला कुणी सावली दिली नाही, चित्रकारानं निदान एक नजर दिली. माझ्या दवाखान्यात लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली आया-मावश्यांबरोबर येतात, बोलत नाहीत, जमिनीकडे बघतात. त्यांच्याकडे कसं बघायचं हे मला त्या चमचेवाल्या म्हाताऱ्यानं शिकवलं असं मी मानते.

घाई करू नका अशी एक कविता

'हायदामाकी' (१८४१) लवकर हातात घेऊ नका. १७६८ च्या बंडाची ती महाकथा आहे, तारासच्या आजोबांनी सांगितलेल्या गोष्टींवरची, आणि त्यात पोलिश आणि ज्यू लोकांची भयंकर कत्तल आहे. होंता हा नायक आपल्याच मुलांना मारतो असंही त्यात आहे. ते कवीनं रचलेलं, इतिहासात तसं घडलेलं नाही. पहिल्यांदा वाचताना मला अंगावर काटा आला आणि कवीचा रागही आला. मग त्यानंच लिहिलेली प्रस्तावना वाचली. ती पुस्तकाच्या शेवटी आहे, आधी ती वाचा. त्यात तो म्हणतो की मुलांना-नातवंडांना दिसू दे, त्यांचे बाप चुकले होते, आणि त्यांनी कालच्या शत्रूंशी पुन्हा भाऊपण जोडावं. ही जोडी एकाच पुस्तकात आहे, पण बरेच वाचक दुसऱ्या टोकापर्यंत पोचतच नाहीत.

बूट आणि आरसा

शिक्षा ठरली तेव्हा झार निकोलस पहिला यानं स्वतःच्या हातानं जोडलं: कडक नजरेखाली, लिहायला आणि चित्रं काढायला बंदी. कवी-चित्रकाराला याहून नेमका फटका देता येत नाही. तो काय करी, तर हाताच्या तळव्यात मावतील अशा वह्या शिवून बुटाच्या नळीत लपवी. १८४७ ते १८५० या चार वर्षांच्या अशा चार वह्या आहेत. त्यातलं एखादं पान स्क्रीनवर मोठं करून बघा, मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं. कविता छापील पानावर वाचताना ती वही डोळ्यासमोर ठेवा. ओळी आखूड का, शब्द साधे का, याचं अर्धं उत्तर तिथे मिळतं.

१८४८-४९ मध्ये नौदल अधिकारी बुताकॉव यानं अरल समुद्राच्या मोहिमेत त्याला चित्रकार म्हणून बरोबर घेतलं, बंदी असतानाही. तारीख लक्षात ठेवायला माझी एक खूण: पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ते हे १८४८. तिकडे हा अरलच्या किनाऱ्याचे कडे आणि कझाक तंबू जलरंगात काढत होता. मोहीम संपल्यावर चित्रं काढल्याबद्दल तक्रार झाली, पुन्हा अटक, आणि पुढची सात वर्षं कॅस्पियनकाठच्या नोवोपेत्रोव्स्क किल्ल्यात. त्या गावाचं नाव आज फोर्ट-शेवचेन्को आहे.

आरसा म्हणजे त्याची आत्मचित्रं. दोन शेजारी ठेवा: १८४० चं तैलचित्र आणि १८६० चं, फरची टोपी आणि मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेलं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र. मधे फक्त वीस वर्षं गेलीत. पुतळे, शाळांच्या भिंती, सगळीकडे दुसराच दिसतो, आणि माणसाला वाटतं हा ऐंशी वर्षांचा पितामह असेल. आहे शेहेचाळीस वर्षांचा. सुजलेले डोळे, लोंबत्या मिशा. मी त्याच्याकडे डॉक्टर म्हणून बघते, तेव्हा दहा वर्षांच्या कवायती दिसतात.

'काव्काझ' आणि एक बालबोध

'काव्काझ', म्हणजे कॉकेशस, ही १८४५ ची. याकिव द बाल्मेन हा त्याचा मित्र झारच्या फौजेत कॉकेशसच्या डोंगरी लोकांशी लढताना मेला, त्याच्या स्मृतीला ही अर्पण आहे. आणि कविता उभी राहते ती त्या डोंगरी लोकांच्या बाजूनं. मित्राला मारणाऱ्यांना तो म्हणतो, 'बोरीतेस्या, पोबोरेते', लढा, जिंकाल. २०१४ च्या जानेवारीत कीइवच्या चौकातल्या आंदोलनात गोळीनं मेलेला सेर्हीय निहोयान हा आर्मेनियन घरातला तरुण. त्याच कवितेच्या ओळी म्हणतानाचं त्याचं चित्रण आहे, ते शोधून ऐका. उच्चारासाठीही ऐका.

हिच्या जोडीला मी कविता ठेवत नाही, पुस्तिका ठेवते. मरायच्या काही आठवडे आधी त्यानं स्वखर्चानं युक्रेनी मुळाक्षरांचा बालबोध छापला, १०,००० प्रती, किंमत ३ कोपेक, रविवारच्या शाळांमधून शेतकऱ्यांच्या पोरांसाठी. ज्याला लिहायला बंदी होती त्याचं शेवटचं पुस्तक लिहायला शिकवणारं. दोनच वर्षांत, १८६३ मध्ये, युक्रेनीतली धार्मिक आणि शालेय पुस्तकं छापायला सरकारनं मनाई केली. १८७६ च्या फर्मानानं तर जवळजवळ सगळंच बंद केलं. त्याच साली कोब्झारची काटछाट नसलेली आवृत्ती प्राग शहरात छापावी लागली. आजही युक्रेनी माणूस शेवचेन्कोचं नाव घेतो तेव्हा तो कवीइतकंच भाषेचं नाव घेत असतो, हे इथून समजतं.

शेवटची जोडी: मृत्युपत्र आणि टेकडी

आता 'झापोवित' घ्या, मृत्युपत्र. हे नाव संपादकांनी नंतर दिलेलं, हस्तलिखितात नाव नाही. २५ डिसेंबर १८४५, पेरेयास्लाव गाव, एका डॉक्टर मित्राचं घर, तारास न्यूमोनियातून उठायचा होता. वय एकतीस.

आधी फक्त बोटांवर मोजा:

याक उम्रु, तो पोखोवायते
मेने ना मोहिली

पहिल्या ओळीत आठ अवयव, दुसरीत सहा. पुन्हा आठ, पुन्हा सहा. कोलोमिय्का नावाच्या नाचगाण्याचं हे माप आहे, खेड्यातल्या प्रत्येकाच्या पायात असलेलं. आपल्या ओवी-अभंगातही लघु-गुरूपेक्षा अक्षरांची मोजणी चालते, म्हणून मराठी कानाला हे लगेच पटतं. मी पहिल्या आठ ओळी आठ-सहाच्या मापात मराठीत बसवून पाहिल्या. छापायला नव्हे, समजायला. तुम्हीही करा, याहून चांगला अभ्यास नाही:

मरेन मी तेव्हा मला
पुरा टेकाडात,
माळरानी अफाट त्या
माझ्या युक्रेनात.
शेते रुंद, द्नीप्रो आणि
उंच त्याचा कडा
दिसावे, नि ऐकू यावे
गर्जे तो केवढा.

यात 'टेकाड'वर माझे तीन दिवस गेले. मूळ शब्द मोहिला. आधुनिक शब्दकोश सांगेल, थडगं. पण गवताळ माळावर हजारो वर्षांपूर्वीच्या योद्ध्यांवर रचलेले मातीचे उंचवटे आहेत, त्यांनाही मोहिलाच म्हणतात. तो 'मला थडग्यात पुरा' म्हणत नाही. त्या जुन्या उंचवट्यावर, जिथून नदी दिसते तिथे पुरा, म्हणतोय. मी आधी थडगं लिहिलं होतं तेव्हा पुढची नदी दिसायची अडचण झाली होती.

मधल्या ओळी कडक आहेत. द्नीप्रो शत्रूचं रक्त समुद्रात वाहून नेईल तेव्हाच मी देवाकडे प्रार्थनेला जाईन, तोवर मी देव ओळखत नाही. मग हुकूम: मला पुरा आणि उठा, बेड्या तोडा. एवढ्या गर्जनेनंतर शेवट एकदम खालच्या पट्टीत येतो. मोठ्या, मोकळ्या, नव्या कुटुंबात माझी आठवण काढायला विसरू नका, 'नेझ्लिम तीखिम स्लोवोम'. तीखिम म्हणजे हळू, शांत. नेझ्लिम म्हणजे वाईट नसलेल्या. तो चांगला शब्द मागत नाही, गौरव तर नाहीच. वाईट नसलेला, हळू बोललेला एक शब्द. हे शेवटचं कडवं मला आजवर मापात बसवता आलेलं नाही, कारण मराठीत 'वाईट नसलेला' म्हटलं की त्यात नापसंती येते, मूळात ती नाही. कुणाला जमलं तर मला हवं आहे.

जोडीला टेकडी. तो पीटर्सबर्गला गेला, तिथेच स्मोलेन्स्क दफनभूमीत पुरला. मित्रांनी दोन महिन्यांत शवपेटी बाहेर काढून रेल्वेनं मॉस्को, घोड्यांच्या गाडीनं कीइव, तिथून आगबोटीनं कानिवला नेली, आणि २२ मे १८६१ ला नदीवरच्या चेर्नेचा टेकडीवर पुरली. कवितेत लिहिलं होतं तसंच. २०११ च्या मेमध्ये मी वर्गातल्या दोघींबरोबर तिथे गेले. लांबच लांब पायऱ्या, वर गेल्यावर वारा, आणि खाली एवढं रुंद पात्र की पलीकडचा काठ निळसर धूसर. कविता मोबाइलवर नेऊ नका, पाठ करून जा. वर उभं राहून डोळे स्क्रीनवर ठेवणं म्हणजे त्याला जे दिसावं म्हणून तो तिथे निजलाय तेच न बघणं.

खार्किवचा त्याचा पुतळाही बघण्यासारखा आहे, १९३५ चा, मानिझेर या शिल्पकाराचा. खाली चौथऱ्याला वळसा घालत सोळा आकृत्या वर चढतात, त्यात सुरुवातीलाच बाळ छातीशी धरलेली कातेरीना आहे. दर ९ मार्चला तिथे फुलं ठेवायला रांग लागायची, मीही सहा वर्षं उभी राहिले. २०२२ मध्ये बाँबपासून वाचवायला तो सबंध पुतळा वाळूच्या पोत्यांनी झाकला. त्याच वसंतात कीइवजवळच्या बोरोद्यांका गावातल्या त्याच्या अर्धपुतळ्याच्या डोक्यात गोळीचं भोक पडलेलं आम्ही सगळ्यांनी फोटोत पाहिलं.

पाठ करा आणि कुणाला तरी ऐकवा

शेवटचं काम हे. झापोवितच्या पहिल्या आठ ओळी मूळ युक्रेनीत पाठ करा, रोज दोन. आठ-सहाचं माप असल्यामुळे चार दिवसांत बसतात. मग आवाज भरून कुणा युक्रेनी माणसाला पाठवा. ओळखीत नसेल तर आपल्याकडची किती पोरं तिकडे शिकून आली आहेत, त्यांना विचारा, त्यांचे शिक्षक, शेजारी निघतील.

मी दर ९ मार्चला बाबूस्यांना पाठवते. त्या आता पोल्ताव्हाकडच्या आपल्या गावी असतात, ऐकू कमी येतं, म्हणून नात मोबाइल कानाशी धरते. मघाशी ज्या स्वराबद्दल म्हटलं तो चौथ्या ओळीत आहे, 'मीलिय' या शब्दात, लाडक्या. त्यातला पहिला स्वर तो इ-ए मधला आणि दुसरा स्वच्छ इ. मी अठरा-एकोणीस वर्षं दोन्ही सारखेच म्हणत आलेय. यंदाही उत्तर आलं. आधी वारा, मग कोंबडा, मग त्यांचा आवाज: "दोच्को, पहिला जरा मागे, घशाकडे." आणि मग त्यांनी तो एकच शब्द मला पाच वेळा म्हणून दाखवला.